रात्रीची कामे सकाळी : लिनक्स संगणक सुरू होण्यास विलंब का होतो?

शासकीय कार्यालये, शाळा आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या दैनंदिन कारभारात संगणकाला आज जे स्थान प्राप्त झाले आहे, ते एके काळी टंकलेखन यंत्रालाही नव्हते. दाखले, नोंदवह्या, हजेरी, पत्रव्यवहार ही सर्व कामे आता त्याच्याच पडद्यावर होतात. त्यामुळे सकाळी बटण दाबल्यानंतर संगणक हाताशी येण्यास दहा-पंधरा मिनिटे लागू लागली, की कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या नागरिकाला तितका वेळ तिष्ठत राहावे लागते आणि शाळेत पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेचा मोठा भाग वाया जातो. अशा वेळी सर्वसाधारणपणे एकच निष्कर्ष काढला जातो, तो म्हणजे यंत्र जुने झाले, ते बदलले पाहिजे. नवीन खरेदीचा प्रस्ताव तयार होतो आणि चालू स्थितीतील यंत्र अडगळीत जाते.

हा निष्कर्ष काही वेळा बरोबर असेलही. परंतु लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांच्या बाबतीत तो तपासून घेणे अगत्याचे आहे. या विलंबाचे कारण पुष्कळदा यंत्राच्या वयात नसून कामांच्या वेळापत्रकात असते. रात्री करावयाची म्हणून नेमून दिलेली कामे रात्री होऊ शकत नाहीत आणि सकाळी संगणक सुरू होताच ती सर्व एकदम पुढे सरसावतात. ही कामे कोणती, ती सकाळीच का उपस्थित होतात आणि त्यांची व्यवस्था कशी लावावी, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली युनिक्स या कार्यप्रणालीच्या निर्मितीस प्रारंभ केला. पुढे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर एका नव्या कार्यप्रणालीचा गाभा तयार करून तो सर्वांसाठी खुला केला. हाच लिनक्स होय. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता येते, बदलता येते व इतरांना देता येते. या गाभ्याभोवती इतर आज्ञावलींची जोड देऊन निरनिराळ्या संस्थांनी आपापली वितरणे सिद्ध केली. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे होत.

आपल्या देशातही या प्रणालीचा प्रसार झालेला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या, सी-डॅक या नावाने परिचित अशा प्रगत संगणन विकास केंद्राने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाचे भारतीय वितरण तयार केले. केरळ राज्याने आपल्या शाळांमधून लिनक्सचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्त स्रोत आज्ञावलींच्या अंगीकाराचे धोरण जाहीर केले. परवान्याचे मूल्य द्यावे लागत नाही आणि साध्या यंत्रांवरही चालते, म्हणून शाळा व छोटी कार्यालये या प्रणालीकडे वळतात. मात्र तिचा वारसा कोठून आला हे ध्यानात घेतले पाहिजे. युनिक्स ही ज्या यंत्रांवर वाढली, ती यंत्रे रात्रंदिवस चालू राहणारी होती. रात्री बंद होणारा, शनिवार-रविवारी कुलपात राहणारा कार्यालयीन संगणक तिच्या मूळ कल्पनेत नव्हता. आपल्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

क्रॉन : रात्रपाळीचा सेवक

कोणत्याही संगणकाला स्वतःची झाडलोट करावी लागते. प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवणाऱ्या फाइली फुगत जातात. त्या ठरावीक काळाने बाजूला काढून, संक्षिप्त करून, जुन्या असतील तर पुसून टाकाव्या लागतात. फाइल चटकन सापडावी म्हणून सर्व फाइलींच्या नावांची अनुक्रमणिका नव्याने लिहावी लागते. प्रणालीच्या मदत-पुस्तिकांची सूची अद्ययावत करावी लागते. सुरक्षाविषयक दुरुस्त्या आल्या आहेत काय, हे इंटरनेटवरून पाहावे लागते. ज्या यंत्रांत फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते, त्यांत कोणत्या जागा रिकाम्या झाल्या हे त्या एसएसडीला वेळोवेळी कळवावे लागते.

ही कामे माणसाला आठवणीने करावी लागू नयेत म्हणून युनिक्समध्ये ‘क्रॉन’ नावाची व्यवस्था आली. १९७९ साली प्रसृत झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती होती. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली लिहिलेल्या क्रॉनचा पुढे लिनक्स वितरणांतून विस्तृत प्रसार झाला. क्रॉनचे कोष्टक अत्यंत सुटसुटीत असते. मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि आठवड्याचा वार असे पाच रकाने आणि त्यांच्यापुढे करावयाचे काम एवढीच त्याची रचना असते. क्रॉन दर मिनिटाला हे कोष्टक पाहतो आणि वेळ जुळली की काम सुरू करतो.

डेबियनमध्ये मुळात ठरवून दिलेल्या वेळा पाहण्यासारख्या आहेत. दैनिक कामे सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी, साप्ताहिक कामे रविवारी ६ वाजून ४७ मिनिटांनी आणि मासिक कामे महिन्याच्या १ तारखेस ६ वाजून ५२ मिनिटांनी. अहोरात्र चालणाऱ्या यंत्रासाठी ही वेळ उत्तम होय, कारण तेव्हा वर्दळ नसते. परंतु ज्या कार्यालयाचे दार सकाळी पावणेदहा-दहाच्या सुमारास उघडते, तेथील संगणक सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी निश्चितपणे बंद असतो. क्रॉनला मागचे काही आठवत नाही. वेळ टळली की ते काम त्या दिवसापुरते बुडाले. असे महिनोन्महिने चालले तर नोंदींच्या फाइली वाढत जाऊन डिस्क भरते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बसत नाहीत.

ॲनाक्रॉन : बुडालेल्या कामाची भरपाई

ही उणीव दूर करण्यासाठी ‘ॲनाक्रॉन’ ही आज्ञावली पुढे आली. ती घड्याळ पाहत नाही, दिवस मोजते. प्रत्येक काम शेवटी कोणत्या तारखेस झाले याची नोंद ती डिस्कवर ठेवते. संगणक सुरू झाला की ही नोंद पाहून, नेमलेले दिवस उलटून गेले असतील तर ते काम ती हाती घेते. तिच्या कोष्टकात दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला, किती दिवसांनी काम करावयाचे. दुसरा, संगणक सुरू झाल्यानंतर किती मिनिटे थांबावयाचे. डेबियनच्या मूळ कोष्टकात दैनिक कामांसाठी ५ मिनिटे, साप्ताहिक कामांसाठी १० मिनिटे आणि मासिक कामांसाठी १५ मिनिटे अशी सबुरी सांगितलेली असते.

म्हणजे बुडालेले काम वसूल होते, ही मोठीच सोय झाली. परंतु तिच्यासोबत एक नवी अडचणही आली. दहा वाजता संगणक सुरू केला तर १० वाजून ५ मिनिटांनी दैनिक कामे सुरू होतात. नेमकी हीच वेळ कर्मचारी पहिली फाइल उघडण्याची असते. शाळेचे उदाहरण घेऊ. वर्गाची झाडलोट रात्री व्हावी असा नियम केला. पण रात्री शाळेला कुलूप असते. मग सकाळची घंटा होऊन मुले बाकांवर बसत असतानाच शिपाई झाडू घेऊन वर्गात शिरतो. शिपायाचा यात दोष नाही, झाडलोटही आवश्यकच आहे. चूक आहे ती नेमून दिलेल्या वेळेची.

सिस्टिमडी आणि त्याचे टाइमर

२०१० साली लेनार्ट पोटरिंग व काय सीव्हर्स यांनी ‘सिस्टिमडी’ नावाची नवी व्यवस्था पुढे आणली. संगणक सुरू होताना कोणती सेवा कोणत्या क्रमाने सुरू करावयाची, हे ठरविणारा हा प्रमुख व्यवस्थापक होय. २०११ मध्ये फेडोराने आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटू यांनी त्याचा स्वीकार केला. पूर्वी अनेक सेवा एकामागून एक सुरू होत. सिस्टिमडी शक्य तितक्या एकाच वेळी सुरू करतो. त्यामुळे सुरुवातीचा वेळ वाचला.

याच व्यवस्थेत नियोजित कामांसाठी ‘टाइमर’ आले. आज बहुतेक नित्याची कामे क्रॉनऐवजी या टाइमरांकडून होतात. दोन्ही व्यवस्था एकाच संगणकावर नांदत असल्या तरी काम दोनदा होऊ नये याची काळजी डेबियनसारख्या वितरणांत घेतलेली असते. सिस्टिमडी कार्यरत असल्याचे दिसताच क्रॉनकडील जुने कलम स्वतःहून माघार घेते.

टाइमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ नावाची एक तरतूद असते. ती लागू असेल, तर संगणक बंद असताना टळून गेलेले काम तो पुन्हा सुरू होताच हाती घेतले जाते. ॲनाक्रॉनचेच हे नवे रूप होय. मात्र यात थांबण्याची मिनिटे आपोआप मिळत नाहीत, ती वेगळी नेमावी लागतात. नोंदींच्या फाइली फिरविणे, मदत-पुस्तिकांची सूची करणे, फाइलींची अनुक्रमणिका करणे, एसएसडीला रिकाम्या जागा कळविणे आणि दुरुस्त्या शोधणे या सर्वांच्या प्रचलित टाइमरांना ही तरतूद लागू असते. टाइमरच्या भाषेत ‘दैनिक’ म्हणजे मध्यरात्रीचे बारा. त्यामुळे रात्री बंद राहणाऱ्या प्रत्येक संगणकावर यांतील दैनिक कामे रोज सकाळी थकलेलीच असतात.

सोमवारची सकाळ

आठवड्याचा पहिला दिवस अधिक जड का जातो, याचेही उत्तर येथेच मिळते. सिस्टिमडीच्या भाषेत ‘साप्ताहिक’ याचा अर्थ सोमवारी मध्यरात्री बारा वाजता, म्हणजे रविवार संपून सोमवार लागण्याच्या क्षणी. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. अशा कार्यालयातील संगणक शुक्रवारी सायंकाळी बंद होतो, तो सोमवारी सकाळी उघडतो. त्या सकाळी दैनिक कामे तर असतातच, शिवाय एसएसडीला रिकाम्या जागा कळविण्यासारखे साप्ताहिक कामही त्यांच्यात येऊन मिसळते. महिन्याची पहिली तारीख सुट्टीत येऊन गेली असेल, तर मासिक कामेही जोडीला येतात. दोन दिवस न चाललेल्या यंत्रासाठी इंटरनेटवर दुरुस्त्याही साचलेल्या असू शकतात. अशा रीतीने आठवड्याभराच्या गर्दीचा दिवस आणि यंत्राच्या घरकामाचा दिवस एकच ठरतो.

जुन्या हार्ड डिस्कवर परिणाम अधिक का?

हीच कामे नव्या यंत्रावर जाणवत नाहीत आणि जुन्या यंत्रावर मात्र जाचक होतात, याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. फिरत्या हार्ड डिस्कची चकती मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेऱ्यांचा हिशेब केला तर सेकंदाला १२० फेरे होतात, आणि हवी ती नोंद वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद थांबावे लागते. त्यापूर्वी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या ठिकाणच्या नोंदी वाचावयाच्या असतील, तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास मागण्या पुऱ्या करू शकते.

संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात. त्याच वेळी फाइलींची अनुक्रमणिका करणारी आज्ञावली डिस्कवरील प्रत्येक कप्पा उघडून पाहू लागली, तर शीर्षाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते आणि त्याचा बहुतेक वेळ इकडून तिकडे धावण्यातच जातो. एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने ही धावपळ नसते. म्हणूनच निधी उपलब्ध असेल तर संपूर्ण यंत्र बदलण्यापूर्वी केवळ हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्याचा विचार करणे किफायतशीर ठरते. परंतु त्याहीपूर्वी एक पैसाही खर्च न करता करण्यासारखे पुष्कळ आहे.

निदान कसे करावे?

उपायापूर्वी निदान हवे. त्यासाठी लिनक्समध्येच साधने आहेत. खाली दिलेली आदेशांची नावे संगणकावर रोमन लिपीत टंकित करावयाची असतात.

‘सिस्टिमडी-ॲनलाइझ’ हा आदेश दिला असता सुरुवातीस एकूण किती वेळ लागला आणि त्यात गाभ्याचा वाटा किती, सेवांचा किती, हे समजते. त्याच आदेशापुढे ‘ब्लेम’ हा शब्द जोडला की प्रत्येक सेवेस लागलेला वेळ उतरत्या क्रमाने दिसतो. ‘क्रिटिकल-चेन’ हा शब्द जोडला तर कोणती सेवा कोणासाठी खोळंबली, ही साखळी दिसते. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टाइमर्स’ या आदेशाने सर्व टाइमरांचे वेळापत्रक समोर येते. प्रत्येक काम मागे केव्हा झाले आणि पुढे केव्हा होणार आहे, हे त्यात नमूद असते. मागील वेळेच्या रकान्यात रोज संगणक सुरू झाल्याचीच वेळ दिसत असेल, तर ते काम थकबाकीपोटी सकाळी होत आहे, असे निःसंशय समजावे.

ही यादी वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली अशी की, यादीत वरच्या क्रमांकावर असलेली सेवा दोषी असतेच असे नाही; ती दुसऱ्या सेवेची वाट पाहत थांबलेली असू शकते, किंवा इतरांच्या बरोबरीने चालून कोणालाही न अडविणारी असू शकते. दुसरी अशी की, प्रलंबित कामांची रांग रिकामी झाल्यावरच सुरुवात पूर्ण झाल्याची नोंद होते. त्यामुळे सकाळी आलेले एखादे दीर्घ नियोजित काम हा आकडा फुगविते. प्रत्यक्षात प्रवेशाचा पडदा कितीतरी आधी दिसलेला असतो. म्हणून आकड्याबरोबरच पडदा केव्हा दिसला आणि पहिली फाइल केव्हा उघडली, हे घड्याळ लावून आठवडाभर लिहून ठेवावे. सोमवार आणि बुधवार यांच्या नोंदींची तुलना केल्यास पुष्कळ उलगडा होतो.

विलंबाची अन्य कारणेही असतात. नेटवर्क जोडले जाईपर्यंत थांबणारी सेवा, अचानक वीज गेल्यानंतर होणारी डिस्कची तपासणी, अपुरी स्मृती किंवा खरोखरच नादुरुस्त होत चाललेली डिस्क, ही त्यांपैकी काही होत. वेळापत्रक सुधारून ही कारणे दूर होत नाहीत. रोजच सारखाच विलंब होत असेल आणि टाइमरांची यादी निर्दोष असेल, तर शोध दुसरीकडे वळवावा.

पाच उपाय

नियोजित कामेच कारणीभूत आहेत असे दिसून आल्यावर पुढील उपाय क्रमाने योजावेत.

पहिला उपाय वेळ बदलण्याचा. ज्या वेळी संगणक चालू असतो पण त्यावर कोणी काम करीत नसते, अशी वेळ निवडावी. दुपारच्या जेवणाची सुट्टी ही बहुतेक कार्यालयांत व शाळांत अशी वेळ होय. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ या आदेशापुढे टाइमरचे नाव देऊन नवी वेळ लिहिता येते. हा बदल मूळ फाइलीत होत नाही, वेगळ्या पूरक फाइलीत होतो. त्यामुळे आज्ञावली अद्ययावत झाली तरी तो टिकून राहतो. मात्र ‘ऑन-कॅलेंडर’ या कलमाची एक रिकामी ओळ आधी लिहून मगच नवी वेळ लिहावी. तसे न केल्यास जुनी आणि नवी अशा दोन्ही वेळा लागू राहतात. साप्ताहिक कामासाठी सोमवारऐवजी बुधवार दुपार नेमली, तर आठवड्याच्या आरंभीचा भार हलका होतो. बुधवारी सुट्टी आलीच तर ते काम गुरुवारी वसूल होते.

दुसरा उपाय सबुरीचा. वेळ दुपारची ठेवली तरी दैनिक कामे सुट्टीनंतरच्या सकाळी थकलेली असणारच. यासाठी घड्याळाऐवजी संगणक सुरू झाल्यापासूनचा अवधी मोजणारा टाइमर वापरता येतो. तात्पुरत्या फाइली साफ करणारा सिस्टिमडीचा स्वतःचा टाइमर याच पद्धतीचा आहे. तो संगणक सुरू झाल्यानंतर १५ मिनिटांनी आणि त्यापुढे दर २४ तासांनी चालतो. ॲनाक्रॉन वापरात असेल, तर त्याच्या कोष्टकातील ५ मिनिटांचा आकडा वाढवून ३० किंवा ६० करणे एवढेच पुरते.

तिसरा उपाय विखुरण्याचा. टाइमरला यादृच्छिक विलंबाची मुदत देता येते. त्या मुदतीच्या आत कोणत्याही क्षणी काम सुरू होते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत हा विलंब थकलेल्या कामांनाही लागू पडतो. मात्र मुदत यंत्राच्या दिनक्रमाला साजेशी हवी. रोज दोनच तास उघडणाऱ्या ग्रंथालयातील संगणकाला बारा तासांची मुदत दिली, तर काम होण्यापूर्वीच तो बहुतेक दिवशी बंद होईल आणि काम आठवडे न् आठवडे टळत राहील. अशा ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासाची मुदत योग्य.

चौथा उपाय प्राधान्य कमी करण्याचा. लिनक्समध्ये प्रत्येक कामाला उणे २० ते अधिक १९ या दरम्यान एक अंक देता येतो. अंक जितका मोठा, तितके ते काम इतरांना वाट करून देणारे. घरकामाला १९ हा अंक द्यावा. डिस्कच्या वापरासाठीही ‘रिकाम्या वेळीच’ अशी वेगळी श्रेणी आहे. मात्र डिस्कच्या मागण्यांची रांग लावणारी यंत्रणा अशा श्रेणी मानणारी असेल, तरच तिचा उपयोग होतो. म्हणून हा उपाय पूरक समजावा, मुख्य नव्हे.

पाचवा उपाय अनावश्यक काम कमी करण्याचा. ज्या संगणकावर नावावरून फाइल शोधणारी ती विशिष्ट आज्ञावली कोणीच वापरीत नाही, तेथे तिची अनुक्रमणिका रोज करण्याचे प्रयोजन नाही. ती आठवड्यातून एकदा करावी किंवा तिचा टाइमर बंद ठेवावा. मदत-पुस्तिकांच्या सूचीचेही तसेच.

काय करू नये?

विलंबाने त्रासलेल्या माणसाला सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे दिसेल तो टाइमर बंद करणे. हा मार्ग धोक्याचा आहे. डेबियन व उबुंटूमध्ये दुरुस्त्या शोधणारे आणि बसविणारे दोन टाइमर असतात. त्यांची नावे सकाळच्या यादीत वारंवार दिसत असल्याने पहिला घाव बहुधा त्यांच्यावरच पडतो. ते बंद केल्यानंतर दुसऱ्या दिवशी संगणक चपळाईने सुरू होतो आणि उपाय यशस्वी झाला असा समज होतो. परंतु त्या दिवसापासून यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळेनाशा होतात आणि हे कोणाच्याही लक्षात येत नाही. नागरिकांचे आधार क्रमांक, विद्यार्थ्यांच्या नोंदी किंवा करवसुलीचा हिशेब ज्या यंत्रावर आहे, त्याच्या बाबतीत सकाळची पाच मिनिटे वाचविण्यासाठी दिलेली ही किंमत फारच मोठी होय. नोंदींच्या फाइली फिरविणारे काम बंद केले, तर त्याचे फळ काही महिन्यांनी भरलेल्या डिस्कच्या रूपाने मिळते. एसएसडीला रिकाम्या जागा कळविण्याचे काम कायमचे थांबविले, तर तिचा लिहिण्याचा वेग कालांतराने मंदावू शकतो.

‘पर्सिस्टंट’ ही तरतूद सरसकट काढून टाकणेही असेच होय. तसे केल्यास आपण पुन्हा जुन्या क्रॉनच्या स्थितीला जातो, आणि वेळ टळली की काम बुडते. मूळ प्रश्न काम कधी करावयाचे हा आहे. ते करावयाचे की नाही, असा तो नव्हेच.

शाळेतील संगणक कक्ष

समजा, एका माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात वीस यंत्रे आहेत आणि पहिल्या तासिकेपूर्वी ती सर्व एकदम सुरू केली जातात. प्रत्येक यंत्र त्याच क्षणी दुरुस्त्या शोधू लागले, तर डिस्कचा प्रश्न तर राहतोच, शिवाय शाळेची एकमेव इंटरनेट जोडणी वीस वाटण्यांत विभागली जाते. अशा ठिकाणी दुरुस्त्यांचा टाइमर मधल्या सुट्टीवर आणून त्याला एक तासाचा यादृच्छिक विलंब द्यावा, म्हणजे वीस यंत्रे वीस निरनिराळ्या क्षणी आपले काम करतील. दुरुस्त्या बसविण्याचे काम कक्ष रिकामा असलेल्या तासिकेत ठेवावे. घरकामाला सबुरी द्यावी. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो शाळा लवकर सुटण्याच्या दिवशी, यंत्रे अर्धा-पाऊण तास अधिक चालू ठेवावीत, म्हणजे उरलेसुरले काम निर्वेधपणे आटोपेल. काम चालू असताना मुख्य कळ बंद करून यंत्रे बंद करण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी. दुरुस्ती बसत असताना वीज तुटली, तर आज्ञावली अर्धवट अवस्थेत राहून दुसऱ्या दिवशी नवीनच अडचण उभी राहते.

लॅपटॉपच्या बाबतीत एक सोय आधीपासूनच केलेली आहे. दुरुस्त्या शोधण्यासारखी काही कामे यंत्र विजेच्या जोडणीवर असेल तरच सुरू होतात. म्हणून शिक्षकांना दिलेले लॅपटॉप दिवसातून काही वेळ चालू स्थितीत विजेला जोडलेले असावेत. सदैव बॅटरीवरच वापरलेल्या यंत्रात ही कामे होतच नाहीत.

एका पानाची नोंद

वर सांगितलेले सर्व बदल एखाद्या जाणत्या शिक्षकाला किंवा कार्यालयातील तांत्रिक साहाय्यकाला एका दुपारी करता येण्यासारखे आहेत. ज्यांना प्राथमिक अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिनक्सविषयक पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. परंतु तंत्रज्ञानापेक्षाही शिस्तीचा भाग येथे अधिक महत्त्वाचा आहे. कोणत्या यंत्रावर कोणत्या टाइमरची वेळ बदलली, कोणत्या तारखेस बदलली, कोणी बदलली आणि पूर्वीची वेळ काय होती, एवढे एका पानावर लिहून ते जडवस्तू संग्रह नोंदवहीसोबत ठेवावे. बदली झालेल्या कर्मचाऱ्याबरोबर ही माहिती निघून गेली, तर त्याच्या जागी येणाऱ्याला सारा शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा आणि आठवडाभर त्याचा परिणाम पाहूनच पुढच्या बदलाकडे वळावे.

सार्वजनिक निधीतून घेतलेले प्रत्येक यंत्र त्याच्या पूर्ण क्षमतेपर्यंत आणि पूर्ण आयुष्यभर वापरले जावे, अशी अपेक्षा असते. संगणक बदलण्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी समोर येईल तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी दोन साधे प्रश्न विचारावेत. हे यंत्र सकाळी नेमके कोणते काम करीत असते, याची यादी पाहिली आहे काय? आणि ते काम दुपारवर नेऊन पाहिले आहे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात मिळाली आणि तरीही विलंब कायम असेल, तर खरेदीचा निर्णय निःशंकपणे घ्यावा. उत्तरे मिळाली नाहीत, तर प्रस्ताव आठवडाभर थांबवून आधी वेळापत्रक तपासून घ्यावे. त्या आठवड्यासाठी एका रुपयाचाही खर्च येत नाही.